विश्लेषण : एकाकडे टीपीयू, दुसऱ्याकडे सीपीयू... संगणकांच्या बुद्धिबळात बरोबरीचा सामना ठरवायचा कसा?

डिसेंबर २०१७ मध्ये गुगलच्या डीपमाइंड कंपनीने एक निकाल जाहीर केला आणि बुद्धिबळविश्व हादरले. अल्फाझीरो या नव्या प्रोग्रॅमने त्या काळच्या सर्वांत बलाढ्य प्रोग्रॅमपैकी एक असलेल्या स्टॉकफिशविरुद्ध १०० डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. बुद्धिबळाचे फक्त नियम माहीत असलेला प्रोग्रॅम स्वतःशीच खेळून काही तासांत जगज्जेता झाला, अशा बातम्या सर्वत्र झळकल्या. पण काही दिवसांतच प्रश्न सुरू झाले. दोघे एकाच यंत्रावर खेळले होते का? नव्हते. मग हा सामना बरोबरीचा म्हणायचा का? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. एआय कंपन्या आज रोज ‘आमचे मॉडेल त्यांच्यापेक्षा सरस’ असे तक्ते प्रसिद्ध करत आहेत. ते वाचतानाही नेमकी हीच अडचण येते, त्यामुळे हा जुना वाद नीट समजून घेण्यासारखा आहे.

सामना नेमका कोणत्या यंत्रांवर झाला?

स्टॉकफिश चालत होता नेहमीच्या प्रोसेसरवर, म्हणजे सीपीयूवर. त्याला ६४ थ्रेड दिले होते, म्हणजे एकाच वेळी ६४ धाग्यांत विचार करण्याची मुभा होती. अल्फाझीरो चालत होता गुगलने स्वतः बनवलेल्या चार टीपीयूंवर. टीपीयू ही न्यूरल नेटवर्कची आकडेमोड करण्यासाठीच घडवलेली चिप आहे. तिच्यावर ब्राउझर चालत नाही की एक्सेल उघडत नाही. ती एकच काम करते, पण ते अफाट वेगाने.

दोघांच्या विचार करण्याच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. डीपमाइंडच्या आकडेवारीनुसार स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, तर अल्फाझीरो फक्त ८० हजार. म्हणजे वेगात स्टॉकफिश ८७५ पट पुढे होता, तरीही हरला. डीपमाइंडने हाच मुद्दा पुढे केला : आमचा प्रोग्रॅम कमी पाहतो, पण नेमके पाहतो.

हा युक्तिवाद ऐकायला छान असला, तरी त्यात एक पळवाट आहे. स्टॉकफिशला एक स्थिती तपासायला थोडीशी आकडेमोड पुरते. अल्फाझीरोला एका स्थितीसाठी संपूर्ण न्यूरल नेटवर्कमधून जावे लागते आणि त्यात कोट्यवधी गुणाकार-बेरजा होतात. त्यामुळे ‘किती स्थिती तपासल्या’ या मोजपट्टीवर अल्फाझीरो काटकसरी दिसतो, पण ‘किती गणिते केली’ या मोजपट्टीवर तो अजिबात काटकसरी नाही. मोजण्याचे एकक बदलले की कोण जास्त राबले याचे उत्तरही बदलते.

आक्षेप कोणी घेतले?

स्टॉकफिशच्या मूळ निर्मात्यांपैकी एक असलेले टोर्ड रोमस्टाड यांनी तेव्हाच जाहीरपणे काही त्रुटी दाखवल्या. पहिली त्रुटी वेळेची. प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिले होते. कुठे झटपट खेळायचे आणि कुठे थांबून विचार करायचा, हे ठरवण्यावर स्टॉकफिशच्या निर्मात्यांनी बरीच मेहनत घेतली आहे. चालीगणिक मिनिट ठरवून दिले की ती मेहनत वाया जाते. दुसरी त्रुटी स्मरणाची. आधी तपासलेल्या स्थिती साठवण्यासाठी स्टॉकफिशला फक्त १ जीबी मेमरी दिली होती. सेकंदाला ७ कोटी स्थिती पाहणाऱ्या प्रोग्रॅमसाठी एवढी जागा काही सेकंदांत भरून जाते. तिसरा आक्षेप असा की वापरलेली आवृत्ती, म्हणजे स्टॉकफिश ८, तोवर वर्षभर जुनी झाली होती. आणि यंत्रांचा आक्षेप तर होताच : एक प्रोग्रॅम सामान्य यंत्रावर, दुसरा खास त्याच्यासाठी बनवलेल्या चिपवर.

अमेरिकी ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा यांचा सूर आणखी तिखट होता. अल्फाझीरो गुगलच्या महासंगणकावर आणि स्टॉकफिश जणू लॅपटॉपवर खेळला, असे त्यांचे म्हणणे होते. यातला लॅपटॉपचा भाग अतिशयोक्तीचा आहे. ६४ थ्रेडचे यंत्र लॅपटॉपच्या कितीतरी पुढचे असते. वादात दोन्ही बाजूंनी असे थोडे मीठमसाला लावणे चालूच होते.

मग दोघांना एकाच यंत्रावर का बसवले नाही?

सर्वांना पहिला उपाय सुचतो तो हाच : एकच संगणक घ्या, दोन्ही प्रोग्रॅम त्यावर चालवा, वाद मिटला. पण इथेच खरी गोम आहे.

स्टॉकफिशचा शोध पायरीपायरीने चालतो. एक चाल तपासायची, ती वाईट निघाली की तिच्या पुढच्या शेकडो शाखा छाटायच्या आणि त्या निकालावर पुढे काय तपासायचे ते ठरवायचे. अशा ‘जर-तर’ कामासाठी सीपीयू उत्तम. ग्राफिक्स कार्ड किंवा टीपीयू याच्या उलट असतात. एकच साधे गणित हजारो आकड्यांवर एकाच वेळी करायचे असेल तर ते अजोड, पण प्रत्येक पावलाला वळणे आली की ते अडखळतात. न्यूरल नेटवर्कचे काम पहिल्या प्रकारचे असते. त्यामुळे स्टॉकफिशला टीपीयू देऊन उपयोग नाही आणि अल्फाझीरोसारख्या प्रोग्रॅमला नुसत्या सीपीयूवर बसवणे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये उतरवणे. यंत्र एकच असेल, पण ते दोघांसाठी सारखे नसेल.

हे नुसते तर्कट नाही, याचा प्रत्यक्ष दाखला आहे. अल्फाझीरोचा प्रोग्रॅम डीपमाइंडने कधी खुला केला नाही. त्याच्या शोधनिबंधावरून स्वयंसेवकांनी २०१८ च्या सुरुवातीला ‘लीला चेस झीरो’ हा मुक्त प्रोग्रॅम उभा केला. त्यात पुढाकार होता गॅरी लिन्स्कॉट यांचा, जे स्टॉकफिशच्याही कामात होते. त्याच वर्षी लीला टीसीईसी या प्रतिष्ठेच्या संगणक-बुद्धिबळ स्पर्धेच्या १२ व्या हंगामात उतरली. तेव्हा स्पर्धेत सर्वांना एकच सीपीयू यंत्र मिळे. लीला सर्वांत खालच्या, चौथ्या विभागात तळाला राहिली. पुढच्या हंगामात आयोजकांनी ग्राफिक्स कार्डांची सोय केली आणि लीलाने तोच चौथा विभाग जिंकला. मधल्या काही महिन्यांत तिचे नेटवर्कही सुधारले होते, हे खरे. पण एवढी मोठी उडी घेण्यात यंत्राचा वाटा किती मोठा होता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२०१९ मध्ये टीसीईसीच्या १४ व्या हंगामाची अंतिम लढत स्टॉकफिशने लीलाविरुद्ध ५०.५-४९.५ अशी, म्हणजे शंभर डावांत एका गुणाने, जिंकली. १५ व्या हंगामात लीला ५३.५-४६.५ ने जिंकली, १७ व्या हंगामात पुन्हा ५२.५-४७.५ ने. नंतरच्या हंगामांत स्टॉकफिशने वर्चस्व परत मिळवले. इतक्या अटीतटीच्या लढतीत आयोजकांनी एक ग्राफिक्स कार्ड जास्त किंवा कमी दिले असते तर निकाल फिरला असता, ही शंका दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांनी वेळोवेळी बोलून दाखवली. ती चुकीची म्हणता येणार नाही.

अल्फाझीरोच्या फेरसामन्यात काय झाले?

डीपमाइंडने आक्षेप कानाआड केले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा सविस्तर शोधनिबंध आला. त्यात १००० डावांचा नवा सामना होता. स्टॉकफिशला ४४ कोअर, ३२ जीबी मेमरी आणि खऱ्या स्पर्धेसारखी वेळ दिली होती : संपूर्ण डावाला तीन तास आणि प्रत्येक चालीला वर १५ सेकंद. निकाल : अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबरी.

म्हणजे पुन्हा अल्फाझीरोच सरस. पण हे आकडे रेटिंगच्या भाषेत मांडले की वेगळे चित्र दिसते. २०१७ च्या सामन्यात अल्फाझीरोला १०० पैकी ६४ गुण होते. रेटिंगच्या नेहमीच्या सूत्राने हा सुमारे १०० गुणांचा फरक होतो. २०१८ मध्ये १००० पैकी ५७४.५ गुण, म्हणजे साधारण ५० गुणांचा फरक. प्रतिस्पर्धी तोच, स्टॉकफिश ८. फक्त त्याला नीट वेळ आणि नीट मेमरी मिळाली, आणि दोघांमधले अंतर जवळपास निम्म्यावर आले. दोन सामन्यांत इतरही बदल होते, त्यामुळे सगळे श्रेय या दोन गोष्टींना देता येणार नाही. तरीही ‘शून्य पराभव’ या मथळ्यातला काही भाग सामन्याच्या अटींनी लिहिला होता, एवढे म्हणायला जागा आहे.

डीपमाइंडने आणखी एक चांगली गोष्ट केली. अल्फाझीरोला वेळ कमी करून पाहिले. स्टॉकफिशच्या एक दशांश वेळेतही अल्फाझीरो पुढे राहिला. वेळ तिसाव्या हिश्शावर आणल्यावर मात्र स्टॉकफिश वरचढ ठरू लागला. यंत्रांची बरोबरी करता येत नसेल तर एकाला किती सवलत दिली की पारडे फिरते ते दाखवा, ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. ‘कोण जिंकले’ यापेक्षा ‘किती फरकाने आणि कशाच्या जोरावर’ हे तिच्यातून कळते.

वॅटमध्ये मोजायचे की डॉलरमध्ये?

यंत्रे वेगळ्या जातीची असतील तर बरोबरीसाठी एखादे समान माप शोधावे लागते. वीज हे एक माप. २०१८ च्या सामन्यात स्टॉकफिशकडे इंटेलचे प्रत्येकी २२ कोअरचे दोन झिऑन प्रोसेसर होते. या प्रकारच्या प्रोसेसरची कमाल औष्णिक क्षमता सुमारे १४५ वॅट, म्हणजे दोन मिळून २९० वॅट. पहिल्या पिढीच्या टीपीयूची ही क्षमता ७५ वॅट आहे. चार टीपीयूंचे ३०० वॅट होतात. म्हणजे विजेच्या मापाने सामना जवळपास बरोबरीचा झाला की! पण थांबा. टीपीयू एकटे चालत नाहीत, त्यांना कामे वाटून द्यायला सीपीयू लागतो, आणि अल्फाझीरोच्या यंत्रातही टीपीयूंच्या जोडीला ४४ कोअर होते. ते धरले तर वीज दुप्पट होते. धरायचे की नाही? इथपासून वाद सुरू.

पैसा हे दुसरे माप. पहिल्या पिढीचा टीपीयू बाजारात विकायलाच नव्हता, त्यामुळे त्याला किंमतच नाही. शोधनिबंधात डीपमाइंडने एक ढोबळ तुलना दिली आहे : नेटवर्क चालवण्याच्या वेगात एक टीपीयू साधारण एनव्हिडियाच्या टायटन व्ही कार्डाएवढा. ते कार्ड २०१७ मध्ये २,९९९ डॉलरला आले, म्हणजे चारांचे सुमारे १२ हजार डॉलर. २२ कोअरच्या झिऑनची छापील किंमत ४,११५ डॉलर होती, म्हणजे दोनांचे सव्वाआठ हजारांच्या आसपास. दीडपटीचा फरक आहे, पण ‘महासंगणक विरुद्ध लॅपटॉप’ असा नक्कीच नाही.

तिसरे माप चाहत्यांनी काढले. त्याला ‘लीला रेशो’ म्हणतात. २०१७ च्या सामन्यात स्टॉकफिशचा वेग अल्फाझीरोच्या ८७५ पट होता. मग कोणत्याही यंत्रांच्या जोडीवर स्टॉकफिश लीलाच्या नेमका ८७५ पट वेगाने चालत असेल तर त्या जोडीचे गुणोत्तर १ धरायचे. गुणोत्तर १ च्या वर गेले तर यंत्रे लीलाला झुकते माप देतात, खाली आले तर स्टॉकफिशला. कल्पना चतुर होती आणि काही काळ चांगली चालली. पण तिच्या मुळाशी एक गंमत आहे : ज्या सामन्याच्या बरोबरीवरच वाद होता, तोच सामना ‘बरोबरी’चे माप म्हणून धरला गेला. शिवाय लीलाचे नेटवर्क मोठे केले की ती सेकंदाला कमी स्थिती पाहते आणि प्रत्येक स्थिती जास्त चांगली जोखते. यंत्र तेच, खेळ कदाचित सुधारलेला, आणि गुणोत्तर मात्र सांगणार की लीलावर अन्याय झाला. त्यामुळे हे मापही लंगडेच पडले.

हा वाद नवा आहे का?

मुळीच नाही. संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये स्टॉकहोमला झाली. तिथे जो तो आपले यंत्र घेऊन, किंवा दूरच्या यंत्राशी तारेने जोडून खेळे. १९८० ची स्पर्धा जिंकली बेल लॅब्जच्या ‘बेल’ने. त्यात चाली शोधण्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक मंडले बनवली होती. १९८३ चा विजेता ‘क्रे ब्लिट्झ’ क्रे कंपनीच्या महासंगणकावर चालत होता. तेव्हाच्या समजुतीनुसार यंत्र हा खेळाडूचाच भाग होता. धावपटूचे पाय वेगळे मोजत नाहीत, तसे.

पण या समजुतीला १९९५ मध्ये हाँगकाँगला मजेशीर धक्का बसला. स्पर्धेत आयबीएमच्या डीप ब्लूचा आधीचा नमुना होता. ‘स्टार सॉक्रेटिस’ हा प्रोग्रॅम होता, जो सँडिया प्रयोगशाळेतल्या १,८२४ प्रोसेसरच्या पॅरागॉन महासंगणकावर चालत होता. आणि त्यांच्यासमोर होता ‘फ्रिट्झ’, घरातल्या संगणकात असतो तशा ९० मेगाहर्ट्झच्या एका पेंटियम प्रोसेसरवर. फ्रिट्झने डीप ब्लूच्या नमुन्याला हरवले, नंतर निर्णायक लढतीत स्टार सॉक्रेटिसलाही हरवले आणि विजेतेपद घेऊन गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, ४८० खास चिप आणि सेकंदाला २० कोटी स्थितींचा वेग घेऊन डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्हला ३.५-२.५ ने हरवले. फ्रिट्झचा तो विजय मात्र आज फारसा कोणाला आठवत नाही.

पुढे एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर येऊ लागले, शेकडो कोअरचे समूह जोडणे शक्य झाले आणि ज्याच्या हाती विद्यापीठाची किंवा कंपनीची यंत्रे, त्याची चलती, अशी तक्रार वाढली. २००९ मध्ये पँप्लोनाच्या जागतिक स्पर्धेत आयोजकांनी प्रत्येकी जास्तीत जास्त ८ कोअरची मर्यादा घातली. त्यावर विरोधही झाला : उत्तम यंत्र जोडणे आणि हजारो कोअरना एकत्र कामाला लावणे हेही कौशल्यच आहे, मग त्याला बंदी का? हा मुद्दा खोटा नव्हता. हजार कोअर जोडले म्हणून प्रोग्रॅम हजारपट ताकदवान होत नाही. कामाची वाटणी नीट केली नाही तर सगळे कोअर तीच ती स्थिती पुन्हा तपासत बसतात.

शेवटी २०१० पासून दोन किताब करण्यात आले. एक खुला, हवे ते यंत्र आणा. दुसरा ‘सॉफ्टवेअर’चा, सर्वांना एकसारखे यंत्र. २०१५ मध्ये लायडनला या वाटणीचा अर्थ स्पष्ट दिसला. खुला किताब ‘जॉनी’ने जिंकला, जो जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठाच्या २,४०० कोअरच्या समूहावर चालत होता. एकसारख्या यंत्रांच्या स्पर्धेत मात्र दुसराच प्रोग्रॅम पहिला आला. एकाच शहरात दोन विजेते, आणि दोघेही खरे. दोन्ही स्पर्धांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते.

यंत्र मोठे की प्रोग्रॅम?

यंत्राचा वेग दुप्पट केला की प्रोग्रॅमचे रेटिंग साधारण ५० ते ७० गुणांनी वाढते, असा जुना अंदाज आहे. अगदी वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटत असल्याने हा फायदा घटत जातो. पण प्रोग्रॅममधल्या सुधारणेचा फायदा किती असू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मोबाइलचे आहे. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या मर्कोसूर करंडक स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्रॅम माणसांविरुद्ध खेळला आणि १० पैकी ९.५ गुण मिळवून पहिला आला. तो चालत होता एचटीसीच्या एका साध्या मोबाइलवर, सेकंदाला २० हजारांपेक्षा कमी स्थिती पाहत. डीप ब्लूच्या तुलनेत हा वेग दहा हजारांश. बारा वर्षांत दोन खोल्यांचे नव्हे, डोक्यातले काम बदलले होते : कोणत्या चाली पाहायच्याच नाहीत, हे प्रोग्रॅम शिकले होते.

रेटिंगच्या याद्या यातून मार्ग कसा काढतात?

स्वीडनमधील एसएसडीएफ ही संघटना १९८० च्या दशकापासून संगणकांची क्रमवारी लावते. तिची पद्धत सरळ आहे. यादीत नुसते प्रोग्रॅमचे नाव नसते, सोबत यंत्रही लिहिलेले असते. तोच प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या यंत्रावर असेल तर यादीत त्याच्या दोन ओळी आणि दोन रेटिंग. ‘प्रोग्रॅम अधिक यंत्र’ हा एक खेळाडू. यात लपवाछपवीला वाव राहत नाही.

सीसीआरएल या यादीसाठी अनेक स्वयंसेवक आपापल्या घरच्या संगणकांवर डाव खेळवतात. तिथे एका ठरावीक इंटेल प्रोसेसरला प्रमाण मानले आहे. ज्याचे यंत्र त्याहून वेगवान, त्याने डावाची वेळ त्या प्रमाणात कमी करायची. ज्याचे संथ, त्याने वाढवायची. स्टॉकफिशच्या प्रत्येक बदलाची चाचणी घेणारी ‘फिशटेस्ट’ ही यंत्रणाही हेच करते. जगभरच्या स्वयंसेवकांचे संगणक जोडलेले असतात, प्रत्येकाचा वेग आधी मोजला जातो आणि त्यानुसार घड्याळ लावले जाते. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर एकमेकींशी खेळतात, त्यामुळे तुलना चोख होते. फक्त हे घड्याळ जुळवणे एकाच जातीच्या यंत्रांत शक्य आहे. सीपीयूचे मिनिट ग्राफिक्स कार्डाच्या किती सेकंदांबरोबर, याचे कोष्टक कोणाकडे नाही.

मोबाइलवरच्या त्या पट्टीचे काय?

जुलै २०२५ मध्ये बटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. अशा लढती मोबाइलवर पाहताना पटाशेजारी काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते आणि ती हलली की ‘चूक केली!’ असे शेरे सुरू होतात. ही पट्टी बहुतेक वेळा स्टॉकफिशच्याच एखाद्या आवृत्तीचे मत दाखवते. पण ते मत कोणत्या यंत्रावर, किती सेकंद विचार करून बनले, यावर आकडा अवलंबून असतो. काही अ‍ॅप विश्लेषण तुमच्याच फोनवर करतात, काही दूरच्या सर्व्हरवर. त्यामुळे एकाच स्थितीला दोन फोनवर वेगळे आकडे दिसू शकतात आणि त्यात कोणीही खोटे बोलत नसते. फोन गरम झाला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आकडा पक्का व्हायला आणखी वेळ लागतो. आकड्याशेजारी ‘डेप्थ’ लिहिलेली असेल तर तिच्याकडे पाहावे. डेप्थ १५ चे मत आणि डेप्थ ३५ चे मत एकाच वजनाने घेऊ नये. पालक आणि प्रशिक्षकांनी तर नक्कीच नाही, कारण मुलाची चाल ‘चूक’ ठरवणारा आकडा घाईत काढलेला असू शकतो.

सरावाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

या सगळ्या वादात सामन्याच्या वेळी टेबलावर असलेली यंत्रे मोजली गेली. सामन्याआधीची कोणी मोजत नाही. अल्फाझीरोचा सराव करून घ्यायला डीपमाइंडने ५,००० टीपीयू स्वतःशी डाव खेळवण्यासाठी लावले होते, आणि नेटवर्क शिकवण्यासाठी वेगळे. ‘चार तासांत स्टॉकफिशच्या पुढे, नऊ तासांत सराव पूर्ण’ असे म्हटले गेले. ५,००० टीपीयू नऊ तास म्हणजे ४५ हजार टीपीयू-तास. एकाच टीपीयूवर हे काम करायचे तर पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. ‘नऊ तास’ हा आकडा खरा आहे, पण तो डीपमाइंडचे घड्याळ दाखवतो, मेहनत नाही. चार टीपीयू विरुद्ध ४४ कोअर या भांडणापेक्षा हा फरक कितीतरी मोठा होता आणि त्यावर त्या मानाने कमी बोलले गेले.

अर्थात स्टॉकफिशही फुकट मोठा झालेला नाही. फिशटेस्टवर २०१३ पासून स्वयंसेवकांचे संगणक अहोरात्र राबत आहेत. त्या कामाचा आजवरचा हिशेब हजारो प्रोसेसर-वर्षांत जातो. एकाने नऊ तासांत पाच हजार चिप वापरल्या, दुसऱ्याने वर्षानुवर्षे इतरांचे संगणक. आजचे भाषेचे एआय मॉडेलही याच जागी आहे. परीक्षेत मिळालेले गुण तक्त्यात असतात, पण प्रत्येक उत्तरासाठी किती आकडेमोड केली आणि त्याआधी सरावात किती चिप किती महिने जळल्या, ही ओळ बहुतेक तक्त्यांत सापडत नाही.

बुद्धिबळात तर हे खाते आता आणखी गुंतले आहे. २०१८ मध्ये यू नासू यांनी शोगी या जपानी खेळासाठी एनएनयूई नावाचे छोटेखानी न्यूरल नेटवर्क तयार केले. एका चालीने पटाचा थोडासाच भाग बदलतो, मग पूर्ण गणित पुन्हा न करता तेवढाच भाग बदलायचा, ही त्यामागची युक्ती. त्यामुळे ते साध्या सीपीयूवरही वेगाने चालते. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ ने ते स्वीकारले आणि त्याची ताकद एका झटक्यात वाढली. म्हणजे न्यूरल नेटवर्कला ग्राफिक्स कार्ड हवेच, ही समजूतही संपली. त्यातही नव्या प्रोसेसरमध्ये एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या ज्या खास सूचना असतात, त्यांचा एनएनयूईला मोठा फायदा होतो. त्यामुळे ‘एकसारखे यंत्र’ म्हणून जुना संगणक निवडायचा की नवा, इथेही कोणाला तरी झुकते माप मिळते.

आणि स्टॉकफिशचे हे नेटवर्क शिकते कशावरून? गेल्या काही वर्षांत मुख्यत्वे लीलाने स्वतःशी खेळलेल्या डावांतून. ते डाव जगभरच्या लीलाप्रेमींनी आपापल्या ग्राफिक्स कार्डांवर, स्वतःच्या वीजबिलावर खेळवलेले आहेत. टीसीईसीच्या पडद्यावर स्टॉकफिशच्या नावापुढे मात्र आजही फक्त सीपीयूच दिसतो.